एकाच चित्रपटाचे दोन पाठ

गेल्या वर्षी नववीच्या वर्गास आम्ही ‘मला आवडलेला चित्रपट’ हा निबंधाचा विषय दिला होता. एका विद्यार्थ्याने ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ ह्या १९९१ सालच्या अमेरिकन विज्ञानपटाविषयी लिहिले. त्यातील एका प्रसंगाचे त्याने मोठ्या तपशिलाने वर्णन केले होते. आरशासमोर बसलेल्या यंत्रमानवाचे डोके उघडून आई आणि मुलगा आतील चिप बाहेर काढतात आणि ती फोडण्याकरिता आई हातोडा उगारते. हा चित्रपट आम्ही दोनदा पाहिलेला. त्यात असा प्रसंग नाही, ह्याविषयी आमची बालंबाल खात्री होती. आम्ही तांबड्या शाईने समासात लिहिले, ‘पाहिले तेवढेच लिहावे, पदरचे घालू नये.’ एवढ्यावर न थांबता तो शेरा वर्गात वाचूनही दाखविला. वर्ग हसला. मुलगा काही बोलला नाही. मात्र दोन दिवसांनी त्याने मामाकडची एक डीव्हीडी आणून आमच्या टेबलावर ठेवली.

त्या रात्री आम्ही ती लावून पाहिली. प्रसंग होता, त्याने लिहिला होता अगदी तसाच. मुलगा खरे बोलत होता आणि आमची स्मृतीही खोटी नव्हती. एकाच नावाचे दोन निरनिराळे चित्रपट आम्ही दोघांनी पाहिले होते. हे कसे घडते, ते विद्यार्थी मित्रांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्या पोथ्यांत पाठभेद असतात हे आपणांस ठाऊक आहे. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती त्यांत शिरलेले अपपाठ काढण्यासाठीच. चित्रपटासही असे पाठभेद असतात, परंतु त्यांचे कारण वेगळे. चित्रीकरण होते ते पडद्यावर दिसणाऱ्या भागाच्या कितीतरी पट. त्यातून निवडून, कापून, जोडून जो सलग पट तयार होतो तो संकलकाच्या मेजावर. तेथे शेवटचा शब्द कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. हॉलिवूडमध्ये तो बहुधा पैसा गुंतविणाऱ्या कंपनीचा असतो. दिग्दर्शकाच्या पदरात तो अधिकार क्वचितच पडतो.

कंपनीची दृष्टी साहजिकच हिशेबाची. जेम्स कॅमेरॉन ह्यांचा ‘एलियन्स’ (१९८६) चित्रपटगृहांत लागला तेव्हा १३७ मिनिटांचा होता. पुढे निघालेली त्याची दीर्घ आवृत्ती १५४ मिनिटांची आहे. फरक सतरा मिनिटांचा. दिवसास चार खेळ धरले तर अडुसष्ट मिनिटे झाली, म्हणजे शेवटचा खेळ तासाभराहून अधिक उशिरा सुटणार. चित्रपटगृहाचा मालक हे आकडे बोटांवर मोजतो. शिवाय प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांस चित्रपट दाखवून त्यांचा अभिप्राय घेण्याची तिकडे प्रथा आहे. त्या कागदांवर ‘कळला नाही’ असे पुष्कळांनी लिहिले की कात्री पुन्हा बाहेर निघते.

पुढे व्हिडिओ कॅसेट, लेसर डिस्क आणि डीव्हीडी आल्या. घरी पाहणाऱ्यास खेळांची वेळ पाळावयाची नसते. गाळलेले भाग परत जोडून ‘स्पेशल एडिशन’ किंवा ‘डायरेक्टर्स कट’ म्हणून विकता येऊ लागले, आणि तोच चित्रपट पुन्हा एकदा विकत घेणारेही मिळाले. ‘डायरेक्टर्स कट’ म्हणजे दिग्दर्शकाच्या मनाजोगता पाठ. हे शब्द वेष्टनावर छापलेले असले म्हणजे आतील प्रत्येक फ्रेम त्याच्या मनातली, असे मात्र समजू नये. त्यात व्यापारही आहे.

आता त्या हातोड्याकडे वळू. १९८४ सालच्या पहिल्या चित्रपटात भविष्यकाळातून आलेला यंत्रमानव सारा कॉनरला ठार मारण्यासाठी धडपडतो. दुसऱ्या चित्रपटात त्याच चेहऱ्याचा यंत्रमानव तिच्या मुलाच्या, जॉनच्या, रक्षणासाठी येतो. ‘तुला नवे काही शिकता येते काय?’ असे जॉन त्याला विचारतो. चित्रपटगृहातील पाठात यंत्र उत्तर देते की आपली बुद्धी शिकणारी आहे, माणसांच्या सहवासात ती वाढते. विषय तेथेच संपतो. १९९३ साली निघालेल्या सुमारे १५३ मिनिटांच्या पाठात त्याचे उत्तर आणखी पुढे जाते. त्याच्या मालकांनी ही शिकण्याची शक्ती मुद्दाम बंद करून त्याला धाडलेले आहे. ती सुरू करावयाची तर चिप बाहेर काढली पाहिजे. ती निघते, यंत्र निर्जीव होते, आणि साराच्या हातात हातोडा येतो. ज्या चेहऱ्याने तिचे आयुष्य उद्ध्वस्त केले तो तिच्यापुढे असहाय बसलेला आहे. जॉन तिला अडवितो. पुढे आपण लोकांचा नेता होणार असे तीच सांगत आलेली, तर मग आपले एक तरी म्हणणे तिने ऐकावे, असे तो तिला बजावतो. ती हातोडा खाली ठेवते.

ह्या दोन पाठांत कथा एकच आहे, अर्थ मात्र एक नाही. पहिल्या पाठात यंत्र शिकते, कारण त्याची घडणच तशी. दुसऱ्यात ते शिकते, कारण एका आईने सूड बाजूला ठेवला आणि एका मुलाने विश्वास टाकला. आमच्या मते हा प्रसंग गाळल्याने चित्रपटाचे नुकसान झाले.

हा प्रसंग टिपला कसा, तेही जाता जाता सांगतो, कारण ते मोठे मौजेचे आहे. तेथे आरसा नव्हताच! भिंतीत चौकोनी भोक होते. पलीकडे खरे अर्नोल्ड श्वार्झनेगर आणि नटी लिंडा हॅमिल्टन. अलीकडे श्वार्झनेगरांचा पाठमोरा पुतळा, आणि त्याच्या डोक्यावर काम करीत असलेली लिंडाची जुळी बहीण लेस्ली. दोघी बहिणी एकाच वेळी सारख्या हालचाली करीत होत्या. एवढी यातायात केलेला प्रसंग कात्रीखाली गेला.

म्हणून दीर्घ ते उत्तम असे कोणी म्हणेल, तर ‘एलियन्स’ पाहावा. त्याच्या दीर्घ पाठात एक भाग सोन्यासारखा आहे. नायिका रिप्ली अंतराळात सत्तावन्न वर्षे निद्रिस्त राहून परतते. अकराव्या वाढदिवसाला घरी येईन असे वचन तिने मुलीला दिले होते. ती मुलगी सहासष्टाव्या वर्षी, आईच्या आधी, वारली आहे. हे कळल्यावर, पुढे एका निर्जन वसाहतीत सापडलेल्या अनाथ न्यूटसाठी रिप्ली जिवावर उदार का होते, ते वेगळे सांगावे लागत नाही. परंतु त्याच पाठात, सैनिक तेथे पोहोचण्यापूर्वीची गजबजलेली वसाहतही दाखविली आहे. न्यूटचे कुटुंब परग्रहावरील ते बेवारस यान शोधते आणि तिच्या बापाच्या तोंडाला तो प्राणी चिकटतो, हेही आपण आधीच पाहतो. संकट कोणते आणि आले कोठून, हे कळून चुकते. मूळ पाठात आपण सैनिकांबरोबर त्या अंधाऱ्या, मोकळ्या दालनांत शिरतो आणि त्यांच्याइतकेच अज्ञानी असतो. ती भीती दीर्घ पाठात पातळ झाली आहे. मुलीचा प्रसंग ठेवावा आणि वसाहतीचा गाळावा, असे आमचे मत. पण असा तिसरा पाठ आमच्या पाहण्यात नाही.

आमच्या घरची बोली कोंकणी. लहानपणी आजी रोज रात्री तीच सात राक्षसांची काणी सांगे. तिला लवकर निजावयाचे असले की त्यांतले तीन राक्षस नाहीसे होत. आम्ही त्यांची चौकशी केली म्हणजे ‘ते बाजारात गेले’ असे उत्तर मिळे. पण चार राक्षसांची ती काणी पुष्कळदा अधिक रंगे, हेही नमूद केले पाहिजे.

पाठभेदाचा सर्वांत नामांकित दाखला रिडली स्कॉट ह्यांच्या ‘ब्लेड रनर’चा. १९८२ सालच्या ह्या चित्रपटात डेकार्ड नावाचा पोलीस माणसासारख्याच दिसणाऱ्या पळपुट्या कृत्रिम मानवांना हुडकून मारतो. डेन्व्हर आणि डॅलस येथील चाचणीच्या खेळांत प्रेक्षक गोंधळले. तेव्हा डेकार्डच्या आवाजातील निवेदन जोडण्यात आले आणि शेवटी नायक-नायिका हिरव्या डोंगरांतून मोटारीने निघून जातात असा गोड शेवट लावला. ते डोंगर तर ह्या चित्रपटाचे नव्हतेच. स्टॅन्ली कुब्रिक ह्यांच्या ‘द शायनिंग’साठी विमानातून घेतलेल्या आणि न वापरलेल्या चित्रणातून ते उसने आणले होते.

१९९२ च्या ‘डायरेक्टर्स कट’मध्ये निवेदन गेले आणि गोड शेवटही गेला. डेकार्डला दिसणाऱ्या एकशिंगी घोड्याचे काही क्षणांचे एक स्वप्न तेवढे आत आले. आता गंमत पाहा. चित्रपटाच्या अखेरीस डेकार्डच्या दाराशी त्याचा सहकारी कागदाच्या घडीचा एक छोटा एकशिंगी घोडा टाकून गेलेला असतो. हा घोडा दोन्ही पाठांत आहे. १९८२ मध्ये त्याचा अर्थ एवढाच होता की सहकारी येथे येऊन गेला आणि त्याने दोघांना जाऊ दिले. १९९२ मध्ये त्याच कागदाने अंगावर काटा येतो. डेकार्डचे स्वप्न दुसऱ्यास कसे कळले? कृत्रिम मानवांच्या आठवणी बाहेरून घातलेल्या असतात. मग डेकार्डही त्यांच्यापैकीच एक आहे काय? स्कॉट ह्यांनी पुढे ‘होय’ असेच सांगितले आहे. ज्यांस डेकार्ड माणूसच राहावा असे वाटते त्यांस हे रुचत नाही, आणि आम्ही त्यांच्यात आहो. एका कृत्रिम जीवाकडून माणूस माणुसकी शिकतो, ह्यातले बळ तो स्वतःच कृत्रिम ठरल्यावर ओसरते. निवेदन गेले हे मात्र फार बरे झाले. पावसात भिजत मरणारा बॅटी आणि त्याच्याकडे पाहणारा डेकार्ड ह्यांच्यामध्ये पूर्वी स्पष्टीकरणाचे शब्द येत. आता तेथे शांतता आहे. २००७ साली स्कॉट ह्यांनी पूर्ण अधिकाराने ‘फायनल कट’ काढला, त्यातही हीच व्यवस्था कायम राहिली.

त्याच स्कॉट ह्यांच्या ‘एलियन’ (१९७९) ह्या चित्रपटाचा २००३ सालचा ‘डायरेक्टर्स कट’ मूळाहून सुमारे मिनिटभर आखूडच आहे, आणि मूळ पाठावर आपण समाधानी होतो असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

हे चित्रपट प्रौढांसाठी काढलेले असून त्यांत रक्तपात पुष्कळ आहे. घरी वडीलधाऱ्यांना विचारूनच पाहावे. पाहाल तेव्हा वेष्टनावरील मिनिटांचा आकडा आधी वाचा. आम्ही तो कधी वाचत नव्हतो.

डीव्हीडी परत करताना आम्ही तो निबंध पुन्हा मागून घेतला, समासातील शेरा खोडला आणि कापलेले दोन गुण दिले. शेरा वर्गात वाचला होता, म्हणून चूकही वर्गातच सांगितली आणि हातोड्याचा तो परिच्छेद त्या मुलाकडून मोठ्याने वाचून घेतला.