आशिया चषक आणि आपला फुटबॉल संघ

भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि आपण चौथे आलो. १९६४ च्या आशिया चषकात आपण उपविजेते होतो.

सौदी अरेबियातील २०२७ च्या आशिया चषकात २४ संघांना स्थान आहे, पण त्यांत भारत नाही. पात्रता फेरीतील चार संघांच्या गटातून एकच संघ पुढे जाणार होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये छांगतेने पहिला गोल केला, तरी सिंगापूरने २-१ असे हरवले आणि आपली आशा संपली. तोवरच्या चार सामन्यांत आपले गोल झाले फक्त दोन! जानेवारी २०२४ मधील आशिया चषकात तर तीन सामन्यांत एकही नाही. आपले खरे दुखणे हेच आहे.

गोल करण्याची सवय लहानपणीच लागते. आज आठवी-नववीत असलेली मुले २०३१ च्या चषकावेळी विशीच्या आसपास असतील. म्हणून पालकांनी मुलांना रोज तासभर खेळू द्यावे आणि विश्वस्तांनी संध्याकाळी शाळेचे मैदान खुले ठेवावे, ही विनंती.