सेफ्टी टँक बांधण्याआधी मातीला पाणी पाजून बघा

सातारा : घर बांधायला काढलं की पाया, कॉलम, स्लॅब यावर महिनाभर चर्चा होते. शौचालयाच्या टाकीचा विषय मात्र सगळ्यात शेवटी निघतो. गवंडी विचारतो, 'किती फुटी घ्यायची?' मालक म्हणतो, 'शेजारच्यांची आहे तेवढीच घ्या.' शेजाऱ्याची टाकी नीट चालते म्हणून आपलीही चालेल, हा हिशेब बऱ्याचदा पहिल्याच पावसाळ्यात चुकतो. भांडं तुंबतं, शोषखड्डा वरपर्यंत भरतो आणि काळं पाणी गटारीला लागतं.

सेप्टिक टँक, म्हणजे गावाकडच्या बोलीतला 'सेफ्टी टँक', पाणी शुद्ध करतो असा समज आहे. प्रत्यक्षात टाकीचं काम अर्ध्यापर्यंतच आहे. मैला तळाला बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी पाइपातून पुढे जातं. हे पाणी दिसायला बरं असलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं. ते गाळण्याचं खरं काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते. म्हणून टाकीच्या मापापेक्षा मातीची चौकशी आधी व्हायला हवी.

सातारा जिल्ह्यात तर ही चौकशी टाळून चालणारच नाही. कराड परिसरात कृष्णा-कोयनेच्या काठाला खोल काळी जमीन आहे, माण-खटावकडे थोडीशी माती आणि खाली मुरूम-कातळ, तर महाबळेश्वर आणि कासच्या पठारावर जांभा. काळी माती चिकण असते. ती भिजली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. एप्रिल-मेमध्ये तिलाच भेगा पडतात, त्यात ओतलेलं पाणी क्षणात गडप होतं आणि मालकाला वाटतं, जमीन चांगली पिते!

मुरमाच्या जमिनीत नेमकी उलटी अडचण होते. पाणी झपाट्याने मुरतं, टाकी कधी भरत नाही, लोक खूश. पण मातीत रेंगाळलंच नाही तर पाणी गाळलं कसं जाणार? कातळाच्या फटींतून ते थेट विहिरीच्या झऱ्याला किंवा बोअरला जाऊन मिळू शकतं. 'आमची टाकी पंधरा वर्षांत उपसली नाही' असं अभिमानाने सांगितलं जातं, तेव्हा त्या टाकीला तळ आहे का, हे आधी विचारावं. तळ न करता बांधलेली टाकी म्हणजे मैला जमिनीत सोडणारा नुसता खड्डा.

जमीन किती पिते हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. भारतीय मानक 2470 मध्ये दिलेली चाचणी घरच्या घरी होते. शोषखड्ड्याची जी खोली धरली आहे, त्या पातळीवर चार ते बारा इंच रुंदीचं भोक पाडायचं. पहारीने गुळगुळीत झालेल्या कडा खरवडायच्या, तळाला दोन इंच खडी टाकायची आणि त्यावर फूटभर पाणी ओतून रात्रभर मुरू द्यायचं. हे रात्रीचं भिजवणं कुणी टाळू नये. काळी माती फुगल्याशिवाय तिचा खरा स्वभाव कळत नाही.

सकाळी पाणी शिल्लक असेल तर खडीच्या वर सहा इंच राहील एवढं ठेवायचं आणि अर्ध्या तासात किती उतरतं ते मोजायचं. भोक कोरडं झालं असेल तर सहा इंच भरून दर अर्ध्या तासाला मोजत, पुन्हा भरत, चार तास बसायचं आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा. त्यावरून एक इंच उतरायला किती मिनिटं लागली ते काढायचं. वाळूसारख्या जमिनीत पाणी अर्धा तासही टिकत नाही, तिथे दहा-दहा मिनिटांनी तासभर मोजतात.

30 मिनिटांच्या आत आकडा आला तर शोषखड्डा चालतो. 30 ते 60 मध्ये आला तर खड्ड्याऐवजी खडी भरलेले लांब चर घ्यावे लागतात. 60 च्या पुढे गेला तर त्या जमिनीत पाणी मुरवण्याचा नाद सोडलेला बरा. तिथे टाकीनंतर खडीचा फिल्टर आणि पुढे पाणी सोडायला रीतसर वाट लागते.

खड्ड्याचं मापही याच आकड्यावर ठरतं. एक इंचाला 5 मिनिटं लागत असतील तर भिंतीचा एक चौरस मीटर दिवसाला साधारण 90 लिटर पाणी पितो, 30 मिनिटं लागत असतील तर जेमतेम 37 लिटर. पाच माणसांच्या घरातून फक्त शौचालयाचं 200 लिटर पाणी येतं असं धरलं, तर पहिल्या जमिनीत सव्वादोन चौरस मीटर भिंत पुरते, दुसरीत साडेपाच लागते. न्हाणीघराचं पाणीही त्यातच सोडलं तर हिशेब दुपटीच्या पुढे जातो. टाकी मात्र पाच जणांना पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आत साडेतीन फूट पाणी राहील एवढीच पुरते, दर दोन वर्षांनी उपसणार असाल तर. खोलीएवढी टाकी बांधून खर्च वाढतो, शोषखड्डा तुंबायचा तो तुंबतोच.

शोषखड्डा विहिरीपासून किमान 60 फूट आणि घरापासून 20 फूट लांब हवा. फटीच्या कातळात 60 फूटही कमीच धरावेत. भूजल सहा फुटांच्या आत येत असेल तर खाली खणण्यात अर्थ नाही, मुरवण्याची जागा भराव घालून वर उचलावी लागते. नदीकाठच्या घरांनी ही पातळी पावसाळ्यातच बघावी.

जागा कमी आणि फक्त शौचालयाचाच प्रश्न असेल तर दोन खड्ड्यांचं शौचालय स्वस्त पडतं. काळ्या जमिनीत त्या खड्ड्यांभोवती फूटभर वाळू-खडीचा थर देतात. मुरमाड जमिनीत तळ बंद करून भोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरतात, म्हणजे पाणी सावकाश जातं.

आणि टाकीचं झाकण फरशीखाली गाडू नका. उपशाची गाडी आली की त्यातूनच पाइप जायचा आहे. माणूस आत उतरवायचा नाही. आतल्या वायूने जीव जातो आणि 2013 च्या कायद्याने त्यावर बंदीही आहे.