गोळीचे मूळ नाव

मी डॉक्टर नव्हे, औषधविक्रेताही नव्हे. यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत तीस वर्षे पगाराच्या चिठ्ठ्या वाचीत आलो. बारीक अक्षरांत काय कापले आहे ते शोधण्याची खोड जडली, ती औषधांच्या पट्ट्यांपर्यंत गेली. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

एका पावसाळ्यात आमचा एक मागवाला तापाने फणफणला. दुकानातून त्याने तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी आणली, आणि सर्दीची निराळी. दोन्ही दिवसातून चार-चार वेळा चालल्या होत्या. मी पट्ट्या उलटून पाहिल्या. दुकानातली नावे दोन, पण दोहोंत पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळीत ते ५०० मिलिग्रॅम. हिशेब करा : २६०० आणि २००० मिळून ४६००. धडधाकट प्रौढानेही चोवीस तासांत ४००० च्या वर जाऊ नये असा दंडक आहे. आणि हा गडी तर रोज पिणारा, त्याच्या यकृताला तेवढेही झेपेलच असे नाही.

या विषबाधेचा फसवेपणा असा की, पहिल्या दिवशी माणूस बहुधा बरा दिसतो. थोडी मळमळ, एवढेच. यकृताची हानी उघड होते ती दोन-तीन दिवसांनी. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर तो पहिल्या आठ तासांत दिलेला सर्वांत गुणकारी. डोळे पिवळे होण्याची वाट पाहत बसायचे नसते. आमच्या माणसाला इस्पितळात नेले, रक्त तपासले. यकृत शाबूत निघाले.

"नावं दोन, म्हणून औषधं दोन असंच वाटलं भाऊ," तो म्हणाला. त्याला अडाणी ठरवू नका. आपण सुशिक्षितही औषध ओळखतो ते कंपनीने ठेवलेल्या नावानेच. आणि दोन कंपन्यांच्या एकाच औषधांतले महाग ते जालीम, असे वर छातीठोकपणे सांगतो! २०१८ साली मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या ठशात छापण्याचा नियम आला. पण तीन किंवा अधिक द्रव्यांच्या मिश्रणांना त्यातून सूट मिळाली, आणि सर्दीच्या गोळ्या बहुधा त्यांतल्याच.

आता त्याची बायको दुकानात गेली की पहिल्यांदा विचारते, "यात पॅरासिटामॉल किती?" दुकानदाराला चष्मा लावून पट्टी उलटावी लागते.