सनरूफ आणि ओलं कार्पेट
पावसाळ्यात एसयूव्हीचं कार्पेट ओलं लागलं, की बहुतेक जण दाराच्या रबराला दोष देतात. सनरूफ असेल तर आधी वर बघावं. काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही, तशी अपेक्षाही नसते. झिरपलेलं पाणी चौकटीतल्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, खांबांच्या आतून गाडीखाली जातं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पानांचा चुरा, धूळ त्या नळ्या बुजवतात. मग पाणी आत उतरतं. नळीत तार खुपसू नये; ती फाटते किंवा सांध्यातून निसटते. कार्पेटखाली वायरिंगचे जोड गंजले, तर खर्च वाढतो.