दीर्घ पल्ल्याचा बिनतारी दुवा

परस्परांपासून काही किलोमीटर अंतरावर असलेल्या दोन इमारतींमधील संगणकजाळी रेडिओलहरींच्या साहाय्याने जोडणाऱ्या व्यवस्थेस दीर्घ पल्ल्याचा बिनतारी दुवा असे म्हणतात. घरगुती वाय-फायमध्ये लहरी सर्व दिशांना पसरतात; या दुव्यात मात्र त्या तबकडी अँटेनाद्वारे एकाच दिशेने, अरुंद झोतात पाठविल्या जातात. केबल टाकणे खर्चिक किंवा अशक्य असते तेथे, तसेच रस्त्याच्या खोदकामात प्रकाशतंतू तुटल्यास पर्यायी मार्ग म्हणून हा दुवा उपयोगी पडतो. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजसारख्या भागात साखर कारखाना, बँकेच्या शाखा, महाविद्यालये व रुग्णालये दूरदूर विखुरलेली असतात. एक केबल तुटली की तिच्यावर विसंबलेली सर्व कामे थांबतात. त्यामुळे अशा ठिकाणी दुसरा मार्ग असणे ही चैन नसून गरज ठरते.

दृष्टिरेषा व फ्रेनेल क्षेत्र

५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून दोन्ही अँटेना एकमेकींना 'दिसणे' ही पहिली अट होय. मात्र केवळ तेवढे पुरेसे नसते. दोन अँटेनांच्या दरम्यान, मध्यभागी फुगीर व टोकांना निमुळता असा जो अवकाश लहरींचे वहन करतो, त्यास ऑग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. या क्षेत्राच्या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग अडथळ्यांपासून मोकळा असावा लागतो.

अकलूज ते वेळापूर हे अंतर सरळ रेषेत साधारणपणे १० ते १२ किमी आहे. १० किमी अंतर व ५.८ गिगाहर्ट्झ वारंवारता धरल्यास मध्यभागी फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सुमारे ११.४ मीटर येते. तिचे ६० टक्के म्हणजे ६.८ मीटर. पृथ्वीच्या वक्रतेमुळे मध्यभागी आणखी सुमारे १.५ मीटरची भर पडते. उसाचे उभे पीक या मार्गात फारसे आड येत नाही. परंतु वाटेत मधोमध १२ मीटर उंचीचे नारळाचे झाड असल्यास, जमीन सपाट धरून, दोन्ही अँटेना सुमारे २०.३ मीटर उंचीवर हव्यात. म्हणजे १० मीटर उंचीच्या इमारतीवर आणखी १० ते ११ मीटरचा मनोरा लागतो. झाडे वाढत राहतात. म्हणून २-३ मीटर उंची अधिक ठेवणे शहाणपणाचे ठरते.

संदेशशक्तीचा हिशेब

दुवा उभारण्यापूर्वी शक्तीचा जमाखर्च मांडतात. हे मापन डेसिबल या एककात होते. वरील उदाहरणात मोकळ्या अवकाशात होणारी घट सुमारे १२८ डेसिबल असते. प्रेषक अँटेनातून झोताच्या दिशेने ३६ डीबीएम (४ वॅट) एवढी परिणामी शक्ती बाहेर पडते आणि ग्राही अँटेनाचा लाभ २५ डेसिबल आहे, असे मानल्यास

३६ − १२८ + २५ = −६७ डीबीएम

एवढी शक्ती हाती येते. ती एका मिलिवॉटच्या पन्नास लाखाव्या भागाइतकी सूक्ष्म असते. ग्राही यंत्रास −८० डीबीएम पुरेसे असेल, तर १३ डेसिबल शिल्लक उरते. ही शिल्लकच हवामानातील बदल व अन्य अनिश्चितता सोसते. अंतर दुप्पट झाल्यास ६ डेसिबल घटतात.

उभारणी

प्रथम नकाशावर व नंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन मार्ग तपासला जातो. अँटेना लोखंडी खांबावर घट्ट बसवून खांबास ताणतारा बांधतात, कारण वाऱ्याने तबकडी किंचित वळली तरी अरुंद झोत चुकतो. यंत्रास वीज व माहिती एकाच नेटवर्क केबलमधून पुरविली जाते. ही केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी. तडिताघातापासून संरक्षणासाठी भूसंपर्कन व विद्युत्‌लाट-रोधक अनिवार्य मानावेत. दोन्ही बाजूंच्या लहरींचे ध्रुवण सारखेच ठेवावे लागते.

वाय-फायच्या मूळ पद्धतीत प्रत्येक संदेशाची पोच ठरावीक वेळेत यावी लागते. १० किमी जाऊन परत येण्यास लहरींना सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून यंत्रात अंतर नमूद करून ही मुदत वाढवावी लागते; अन्यथा पोच येण्यापूर्वीच संदेश हरवला असे समजून यंत्र तो पुन्हा पाठविते व वेग कोसळतो. शेवटी एका बाजूची तबकडी स्थिर ठेवून दुसरी सावकाश फिरवितात आणि मिळणारी शक्ती हिशेबाशी जुळेपर्यंत दिशा साधतात. आकडा हिशेबापेक्षा बराच कमी राहिल्यास मुख्य झोताऐवजी बाजूचा दुय्यम झोत साधला गेला असण्याची शक्यता असते.

कायदेशीर बाजू

भारतात २०१८ च्या ऑक्टोबरमधील अधिसूचनेनुसार ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ वर्णपट परवानामुक्त करण्यात आला. परवानामुक्त म्हणजे नियममुक्त नव्हे: शक्तीच्या मर्यादा पाळाव्या लागतात व इतरांच्या यंत्रांमुळे होणाऱ्या व्यत्ययापासून संरक्षण मिळत नाही.

भारतातील व जगातील प्रयोग

महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीने अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली पालघर जिल्ह्यातील खामलोली व परिसरातील गावे बिनतारी दुव्यांनी जोडण्याचा 'ग्राममार्ग' प्रकल्प राबविला. त्यात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील न वापरलेल्या वारंवारतांचाही उपयोग करण्यात आला. या कमी वारंवारतेच्या लहरी झाडीतून अधिक चांगल्या प्रकारे पार होतात. २०१७ मध्ये या प्रकल्पास मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. तमिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालय अशाच दुव्यांनी ग्रामीण दृष्टिकेंद्रांशी जोडले गेले व दूरच्या रुग्णांना डॉक्टरांशी थेट बोलता आले. व्हेनेझुएलात २००७ मध्ये वाय-फाय यंत्रांद्वारे ३८२ किमीचा दुवा साधण्यात आला. तेथे दोन्ही टोके उंच पर्वतांवर होती.

मर्यादा

५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पावसाचा परिणाम नगण्य असतो. १० गिगाहर्ट्झच्या वर मात्र तो जाणवतो. यंत्रे वाढल्यास परस्पर व्यत्यय वाढतो. मार्गात नवी इमारत उभी राहिल्यास दुवा बंद पडू शकतो. वीजपुरवठा खंडित झाल्यास एक टोक बंद पडून संपूर्ण दुवा तुटतो. म्हणून दोन्ही टोकांना बॅटरी आवश्यक असते.