साठ युनिट आणि एक डार्करूम
दोन कॉलेजांची पदवी : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या ट्रान्स्फर विद्यार्थ्यांचा रस्ता पाहिला. तो लांब असला तरी सरळ आहे. कॅल्क्युलसनंतर काय घ्यायचं हे काउन्सेलरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. फोटोग्राफीचं नाव काढलं की तोच काउन्सेलर जरा अडखळतो आणि मग सगळ्यांना देतो तोच सल्ला देतो : दोन वर्षांत जनरल एज्युकेशन उरकून घे, फोटोग्राफीचं पुढे विद्यापीठात पाहू. या विषयापुरता तरी याहून महागात पडणारा सल्ला मला माहीत नाही.

आधी हिशेब. कॅलिफोर्नियाच्या सरकारी व्यवस्थेत पदवीला किमान १२० सेमिस्टर युनिट लागतात. त्यांतली ६० कम्युनिटी कॉलेजात करून तिसऱ्या वर्षाला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) किंवा युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) यांच्या एखाद्या कँपसवर जाता येतं. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटचे ४६ डॉलर पडतात, आणि हा दर २०१२ पासून तसाच आहे. बे एरियातल्या मराठी घरांत डी अँझा किंवा फूटहिलचं नाव निघतं, त्यामागे हेही एक कारण आहे. पुण्याहून एफ-१ व्हिसावर येणाऱ्याला मात्र हा दर नाही. त्याची फी कितीतरी पट जास्त.

आता त्या सल्ल्याकडे येऊ. फोटोग्राफीचे कोर्स गांधर्वच्या परीक्षांसारखे असतात : प्रवेशिका झाल्यावर मध्यमा, मग विशारद. पहिला वर्ग कॅमेरा, एक्स्पोजर आणि अनेक ठिकाणी कृष्णधवल डार्करूमचा. त्याच्याशिवाय दुसरा मिळत नाही. दुसऱ्याशिवाय रंग किंवा स्टुडिओ लायटिंग नाही, ते झाल्याखेरीज वरचे वर्ग नाहीत, आणि सगळ्यात शेवटी पदवीचं प्रदर्शन किंवा प्रकल्प. त्यात काही कोर्स वर्षातून एकदाच लागतात. डार्करूममध्ये जितके एन्लार्जर तितक्याच जागा, त्यामुळे वर्ग लवकर भरतो तो वेगळाच.

समजा एक मुलगी ६० युनिट घेऊन तिसऱ्या वर्षात आली. संख्याशास्त्र झालंय, इतिहास झालाय, वक्तृत्व झालंय. कॅमेऱ्याचा वर्ग एकही नाही. समोर पाच-सहा पायऱ्या आणि हातात चार सेमिस्टर. कागदोपत्री ती ज्युनिअर, विभागाच्या दृष्टीने नवखी. शिवाय हलके विषय आधीच संपवल्यामुळे आता प्रत्येक सेमिस्टरला स्टुडिओचेच वर्ग एकावर एक येणार. तीन युनिटांचा स्टुडिओ म्हणजे वर्गातच आठवड्याला साधारण सहा तास, प्रिंट काढायचा वेळ निराळा. पदवी पाचव्या वर्षात गेली तर नवल नाही, आणि ते वर्ष विद्यापीठाच्या फीने भरायचं असतं.

म्हणून पहिल्या सेमिस्टरपासूनच दर वेळी एक फोटोग्राफीचा वर्ग आणि एक पायाभूत वर्ग घ्यावा : ड्रॉइंग, द्विमितीय डिझाइन, कलेच्या इतिहासाचे दोन सर्व्हे कोर्स. उरलेल्या जागेत जनरल एज्युकेशन. त्यातले चार विषय मात्र मागे ठेवता येत नाहीत. लेखी इंग्रजी, भाषण, चिकित्सक विचार आणि गणित यांत किमान सी-मायनस असल्याशिवाय सीएसयू तिसऱ्या वर्षाला घेतच नाही.

उलट बाजूने अती करण्यातही तोटा आहे. कम्युनिटी कॉलेजात गोडी लागली म्हणून फोटोग्राफीचे आठ-आठ वर्ग करणारे असतात. ते सगळे खालच्या पातळीचे धरले जातात. सीएसयूला पदवीत किमान ४० युनिट वरच्या पातळीची हवी असतात, आणि कम्युनिटी कॉलेजातून ७० पेक्षा जास्त युनिट नेताच येत नाहीत.

कोणता वर्ग पुढे कशात मोजला जाईल हे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. आपलं कॉलेज, पुढचा कँपस आणि मेजर निवडलं की कोणत्या कोर्सच्या बदली कोणता, याची यादी मिळते. वाचताना एक भेद डोळ्यांत तेल घालून पाहावा : युनिट जमा होणं वेगळं आणि मेजरची अट पूर्ण होणं वेगळं. कलर फोटोग्राफीचा वर्ग इलेक्टिव्ह म्हणून स्वीकारला गेला, तर १२० मध्ये त्याची भर पडते, पण तोच विषय पुन्हा शिकावा लागू शकतो. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीवर चालतात. तिथली ९० युनिट म्हणजे सेमिस्टरची ६०, आणि चार युनिटांचा वर्ग पलीकडे पोचतो तेव्हा २.६७ होतो. असे तुकडे साचून शेवटी दोन-तीन युनिट कमी पडतात, म्हणून बेरीज दर वर्षी करावी.

बीए की बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स), हे आधी ठरलं तर बरं. बीएफएत साधारण दोन तृतीयांश अभ्यास कलेचा असतो, बीएत एक तृतीयांशाच्या आसपास. यूसीएलएमध्ये पदवी कला विषयातली बीए आहे, फोटोग्राफी तिच्यातला एक भाग. सॅन होजे आणि लाँग बीच इथल्या सीएसयू कँपसवर फोटोग्राफीचं बीएफए आहे. मात्र बीएफएच्या बाबतीत अनेक ठिकाणी कँपसला प्रवेश मिळाला म्हणजे बीएफएला मिळाला असं होत नाही. तिथे पोर्टफोलिओ पाहतात. कम्युनिटी कॉलेजातली स्टुडिओ आर्ट्सची ट्रान्स्फर पदवी सीएसयूत कुठेतरी जागा देते. हव्या त्या कँपसची किंवा बीएफएची हमी तिच्यात नाही.

खासगी कला महाविद्यालयं असिस्टच्या बाहेर आहेत. पॅसाडिनाचं आर्टसेंटर त्यांतलंच. त्यांचे नियम एकेकाला विचारूनच घ्यावे लागतात. तिथे जाण्याआधी संस्थेची आर्थिक तब्येत पाहावी, असं मी जरा आग्रहाने सांगेन. दुसरं महायुद्ध संपल्यासंपल्या छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया स्कूल ऑफ फाइन आर्ट्समध्ये फोटोग्राफीचा विभाग उभा केला. मायनर व्हाइट हे छायाचित्रकारही तिथे शिकवायला आले. फोटोग्राफी ही कला म्हणून शिकवण्याच्या अमेरिकी इतिहासात या विभागाला मोठं स्थान आहे. तीच संस्था पुढे सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट झाली आणि २०२२ मध्ये बंद पडली. सांता बार्बरा भागात नावाजलेली ब्रुक्स इन्स्टिट्यूट २०१६ मध्येच बंद झाली होती. एकदा कॉलेज बदललेल्या मुलाला पुन्हा बदलावं लागलं, तर प्रत्येक ठिकाणी थोडी युनिट गळतात. सीएसयूतही किमान ३० युनिट त्यांच्याकडेच करावी लागतात.

एफ-१ वाल्यांसाठी आणखी एक जोखीम. सेमिस्टरला किमान १२ युनिट हवीतच, त्यामुळे डार्करूमचा एखादा वर्ग सोडून द्यावासा वाटला तरी आधी आकडा पाहावा. कॉलेज बदलताना सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यंत्रणेतली नोंदही नव्या कॉलेजकडे हलवायची असते, आणि जुनं कॉलेज सुटणं व नवं सुरू होणं यांतलं अंतर पाच महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही.

सीएसयूचे अर्ज १ ऑक्टोबरला उघडतात. पोर्टफोलिओची तारीख विभागाची वेगळी असते आणि ती मुख्य अर्जाच्या पानावर बहुधा दिसत नाही. विभागाला ईमेल करून ती विचारावी, आणि त्याच ईमेलमध्ये प्रत्यक्ष प्रिंट मागतात की नुसत्या फाइल, हेही. त्या पोर्टफोलिओत काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते पुढच्या आठवड्यात.