शाकाहारी जवानाच्या डोक्यात डुकराचा कृमी



ईशान्येत पोस्टिंगवर असताना आमच्या एका जवानाला सकाळच्या पीटीतच फिट आली. सीटी स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत डुकराच्या फीताकृमीची अळी आहे." जवान म्हणाला, "साहेब, मी अंडंसुद्धा खात नाही!" खरं सांगतो, मलाही ते पटलं नव्हतं. आजचा भाग त्यासाठीच.

या कृमीचं नाव टीनिया सोलियम. प्रौढ कृमी राहतो फक्त माणसाच्या आतड्यात, लांबी दोन ते चार मीटर, कधी त्याहून जास्त. त्याची हजारो अंडी शौचावाटे बाहेर पडतात. उघड्यावरची ती घाण डुक्कर खातं आणि दोन-तीन महिन्यांत त्याच्या मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे तयार होतात. ते मांस कच्चं राहिलं आणि माणसाने खाल्लं, तर पोटात फीताकृमी होतो. फिट मात्र त्याने येत नाही. फिट येते ती कृमीची अंडी पोटात गेल्यावर. न धुतलेली कोथिंबीर, दूषित पाणी, स्वयंपाक करणाऱ्याचे अस्वच्छ हात, एवढं पुरतं. म्हणजे शाकाहारी माणूसही सुटत नाही.

फौजेला हे फार जुनं ठाऊक आहे. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना काही वर्षांनी फिट येऊ लागल्या. अशा 450 रुग्णांचा अभ्यास 1961 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता डुकरांकडे वळू. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 90 लाख डुकरं होती, सर्वांत जास्त आसामात. पण सगळीच सारखी धोक्याची नाहीत. बंदिस्त गोठ्यात, स्वच्छ खाद्यावर वाढलेल्या डुकरात हा रोग क्वचित सापडतो. गावात मोकळी फिरणारी, उघड्यावरची घाण खाणारी डुकरं मात्र सहज बळी पडतात. नेमकं प्रमाण काढणंही सोपं नाही. जिवंत डुकराची जीभ चाचपून किंवा कत्तलखान्यात मांस चिरून दाणे शोधतात, पण थोडे दाणे असतील तर नजरेतून सुटतात. आणि परसात कापलेलं डुक्कर तपासायला येतो कोण?

उपाय आहेत. डुकराला गोठ्यात ठेवा आणि संडास वापरा. डुकरांसाठी लस आहे, ती हैदराबादेत बनते. सोबत ऑक्सफेंडाझोल हे औषध दिलं की आधीचे दाणेही मरतात. मांस आतपर्यंत शिजवा, मध्ये गुलाबी राहता कामा नये. भाजी धुवा, हात साबणाने धुवा. शौचात पांढऱ्या फितीचे तुकडे दिसले, तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा. औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण मेंदूत अळी असेल तर चुकीच्या औषधाने त्रास वाढू शकतो.

आमच्या युनिटमध्ये पुढे लंगरवर काम करणाऱ्या सगळ्यांची शौचतपासणी झाली. एकाच्या पोटात कृमी सापडला. त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. काही जण त्याला दोष देऊ लागले, तेव्हा मी म्हटलं, "हा गुन्हेगार नाही, हाही पेशंट आहे." दोघांवर उपचार झाले आणि जवान ड्युटीवर परतला.

मंडळी, घरात कुणाला मोठेपणी पहिल्यांदा फिट आली तर कांदा हुंगवत बसू नका, देवऋष्याकडेही नेऊ नका. आधी स्कॅन करा.

जय हिंद!